कंपनीतून आली तशी हायलक्स, काळ्या मातीत: रोहिणी ते उत्तरा

या हंगामात माझ्या टोयोटा हायलक्स पिकअपला बाहेरची एकही वस्तू लावायची नाही, हे आधीच ठरवलं होतं. लिफ्ट किट (गाडी उंच करणारं सामान) नाही, स्नॉर्कल (इंजिनाची हवा छताजवळून घेणारा पाइप) नाही, विंच (केबलने गाडी ओढणारं यंत्र) नाही. टायरसुद्धा शोरूममधून आले तेच ठेवले, २६५/६० आर १८ (रुंदी २६५ मिमी, भिंत तिच्या ६० टक्के, रिम १८ इंच), हायवे नक्षीचे. आपल्या मंडळींत मी पाहतो, गाडी दारात आली की महिनाभरात तिच्यावर लाखभराचं सामान चढतं. मग ती चिखलातून निघाली तर कशामुळे निघाली आणि रुतली तर कशामुळे रुतली, याचा पत्ता लागत नाही. मला तो पत्ता लावायचा होता. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीच्या बाजूचा आमचा पट्टा त्याला फार चांगला आहे. वर मुरमाड टेकड्या, खाली भारी काळी जमीन, मध्ये नाले, आणि वावरात जायला पांदण. एका दिवसात सगळ्या प्रकारची जमीन चाकाखाली येते.

नोंदी नक्षत्राप्रमाणे ठेवल्यात. जमिनीची अवस्था आपल्याकडे तारखेपेक्षा नक्षत्रावरून लवकर कळते.

रोहिणी

जमीन कोरडी ठणठणीत, भेगांत हात जाईल इतकी फाटलेली. हे दिवस टेप घेऊन गाडीखाली झोपण्याचे.

२.८ लिटर डिझेल, २०४ पीएस, मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर टॉर्क, हे सगळ्यांना पाठ आहे. माझी मॅन्युअल. वावराच्या वाटेला यातलं अर्धंही लागत नाही, म्हणून इंजिनाबद्दल पुढे काही लिहिणार नाही.

कामाचे आकडे लांबीचे आहेत. गाडी ५३२५ मिमी लांब, व्हीलबेस ३०८५ मिमी. कंपनी अप्रोच अँगल (पुढचा भाग न घासता चढता येईल तो कोन) २९ अंश आणि डिपार्चर (मागचा तसाच कोन) २६ अंश सांगते. थारचा अप्रोच ४० च्या वर आणि डिपार्चर ३५ च्या वर जातो. पण आमच्याकडे या दोन्हींपेक्षा जास्त नडतो तो मधला कोन, म्हणजे धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, चढल्यावर पोट टेकतं की नाही ते. त्याचं ढोबळ गणित सोपं आहे. पोटाच्या उंचीची दुप्पट घ्या, तिला व्हीलबेसने भागा, आलेला भागाकार ज्या कोनाचा टॅन आहे तो कोन काढा आणि दुप्पट करा. दोन्ही गाड्यांचं पोट जमिनीपासून २५ सेंमी आहे असं धरलं, तर ३०८५ च्या व्हीलबेसला सुमारे १८ अंश मिळतात आणि थारच्या २४५० च्या व्हीलबेसला सुमारे २३. उंची तीच असूनही पाच अंश नुसत्या लांबीत गेले. हे पाच अंश कुठलाही टायर परत देत नाही.

प्रत्यक्षात पाहिलं तर गुडघाभर उंचीचा, निमुळता धुरा सरळ ओलांडायला गेलं की साइड स्टेपच्या मागचा भाग टेकतो. तोच धुरा तिरका घेतला, एका वेळी एकच चाक वर जाईल असा, तर गाडी कुठेही न घासता पार होते. तिरकं घ्यायला जागा लागते आणि या लांबीच्या गाडीला ती जास्तच लागते. अरुंद पांदणीत, दोन्ही बाजूंना बाभळी असताना, ती जागा मिळत नाही. ज्यांच्या गावात धुरे उंच आणि वाटा अरुंद आहेत त्यांनी पिकअप घेण्याआधी टेप घेऊन आपली पांदण मोजावी, असं मी मनापासून सांगेन.

मृग

पेरणीची घाई. डीएपीची सहा पोती हौद्यात टाकून वावरात न्यायचीच होती. तेवढ्यात वाटेवरच्या बंद पडलेल्या मुरमाच्या खदानीत, मालकाला विचारून, गाडी रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही प्रकारे पाहून घेतली. पोती ५० किलोची, म्हणजे ३०० किलो वजन बरोबर मागच्या एक्सलवर.

पिकअपच्या मागे पाटे असतात आणि ते वजन उचलायच्या हिशेबाने बसवलेले असतात. हौदा रिकामा असताना ते इतके ताठ राहतात की खड्ड्यावर मागचं चाक खाली उतरतच नाही, हवेत लटकतं. खदानीत आडव्या खड्ड्यांची एक जोडी आहे. पुढचं डावं चाक एका खड्ड्यात गेलं की मागचं उजवं दुसऱ्यात येतं. रिकाम्या गाडीचं मागचं उजवं चाक तिथे जमिनीवर नुसतं टेकलेलं होतं. हाताने ढकललं तरी मुरूम त्याच्याखालून सरकत होता. पोती टाकल्यावर त्याच जागी तेच चाक नीट दाबून बसलं. टायर खाली बसला आणि कडेची नक्षी मुरमात उमटली.

म्हणून कोणी रिकाम्या पिकअपवरून ऑफ-रोडिंगचा निकाल द्यायला लागलं की माझा त्यावर विश्वास बसत नाही. हौद्यात दोन-तीनशे किलो असताना ही गाडी जास्त आरामात बसते, जास्त पकडते, आणि साध्या टू-व्हीलमध्येही ओल्या गवतावर मागून सुटत नाही.

लटकणाऱ्या चाकावरचे दोन उपाय गाडीत आहेत. एक ट्रॅक्शन कंट्रोल, जो फुकट फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या बाजूला देतो. दुसरा मागचा डिफ लॉक, जो दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकतो. मुरमात ट्रॅक्शन कंट्रोल पुरतो, फक्त क्षणभर धीर धरून अॅक्सिलरेटर तसाच दाबून ठेवावा लागतो. चाक फिरतंय असं वाटून पाय काढला की सगळं थांबतं. डिफ लॉक लावला की हा प्रश्नच उरत नाही, गाडी चालण्याच्या वेगाने सरळ वर निघते. मी तो लो रेंजमध्येच (हळू पण जोरकस गिअरिंग) आणि सरळ रेषेतच लावतो. वळण आलं की बंद, कारण बांधलेली चाकं गाडीला सरळच नेऊ पाहतात.

लो रेंजबद्दल एवढंच की ती सुमारे अडीचपट गिअरिंग देते आणि डिझेलचा खालचा टॉर्क तिला पुरून उरतो. खदानीतला सगळ्यात खडा उतार मी पहिल्या गिअरात, ब्रेकला पाय न लावता उतरलो.

आर्द्रा आणि पुनर्वसू

आता खरी गोष्ट.

आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याचे थर पाणी आत घेऊन फुगतात आणि उन्हाळ्यात ते सोडून आकसतात. भेगा त्यामुळेच पडतात, आणि पावसाळ्यात तीच माती चिकटते त्याच वेळी घसरतेही. वाळूत किंवा लाल मुरमात असं होत नाही. बाहेरच्या ऑफ-रोडिंगच्या व्हिडिओंमधले चिखल पाहून आपल्या पांदणीचा अंदाज बांधू नका.

आर्द्रात दमदार पाऊस होऊन गेल्यावर, वर ऊन चमकत असताना, गाडी पांदणीच्या तोंडाशी नेली. शेजारच्या वावरातले काका ट्रॅक्टर घेऊन थांबले होते. ओढायला लागला तर हवा म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "वरून सुकली दिसते बावा, पण खाली लोण्यावानी हाय. दोन दिस ऊन पडू दे, मंग जाय."

मला नेमकी तीच अवस्था पाहायची होती. एच-फोर (चारही चाकांना ताकद, नेहमीचं गिअरिंग), दुसरा गिअर, आरपीएम कमी. सुरुवातीचं अंतर बरं गेलं. मग टायर बदलत गेला. हायवे नक्षीच्या खाचा बारीक आणि उथळ असतात. चाकाच्या काही फेऱ्यांत त्या मातीने गच्च भरल्या आणि पुन्हा मोकळ्या झाल्याच नाहीत. खिडकीतून डोकं काढून पाहिलं तर टायरवर नक्षी दिसतच नव्हती, नुसता काळा, गुळगुळीत, चकाकणारा पट्टा फिरत होता. मडगार्डात माती दाबून बसली होती आणि चाक तिच्यावर घासल्याचा आवाज येत होता. स्टिअरिंग डावीकडे वळवलं तरी गाडी ट्रॅक्टरच्या चाकोरीतून सरळच चालली.

थांबलो. स्टॅबिलिटी कंट्रोल बंद, एल-फोर (चारही चाकांना ताकद, लो रेंज), डिफ लॉक. मागची दोन्ही चाकं एका वेगाने फिरली. गाडी हातभर पुढे गेली आणि चाकोरीमधल्या उंचवट्यावर पोट टेकून थांबली.

इथेच निकाल लागला. इंजिन कमी पडलं नाही, लो रेंज कमी पडली नाही, डिफ लॉक दोन्ही चाकांना ताकद अगदी चोख देत होता. ती ताकद जमिनीत उतरवणारा टायर नव्हता, आणि टायरची पकड सुटल्याबरोबर लांब पोट आडवं आलं. टायरची हवा ३२ वरून १८ पीएसआयवर आणली, उंचवट्याची माती फावड्याने काढली आणि आल्या वाटेने रिव्हर्समध्ये निघालो. हवा कमी केल्याने टायर लांब पसरतो आणि कड वाकून खाचेतली थोडी माती झटकली जाते. फरक पडतो, पण भारी चिकण मातीत चमत्कार होत नाही. ट्रॅक्टरला साखळी लावायची वेळ आली नाही, तरी तो तिथे होता म्हणूनच मी आत शिरलो. एकट्याने हे करू नये.

पुनर्वसूत उघाड पडल्यावर, काकांनी सांगितलं तेवढं ऊन खाऊ देऊन, तीच पांदण त्याच टायरवर एच-फोरमध्ये, डिफ लॉक न लावता पार केली. म्हणजे काळ्या मातीत गाडीची क्षमता सांगताना वाफसा होता की नाही हे सांगितल्याशिवाय त्या सांगण्याला अर्थ नाही.

चाकोरीबद्दल एक बोलतोच. आपण मजेसाठी ओल्या पांदणीत खोल चर पाडतो, ते पुढे वाळून दगडासारखे कडक होतात आणि बंडीला, बैलांच्या पायांना तो त्रास दिवाळीपर्यंत राहतो. मी पाडलेले चर त्याच दिवशी संध्याकाळी फावड्याने बुजवले. ज्यांना हे करायचं नसेल त्यांनी पांदणीत चाचणी घेऊ नये.

आश्लेषा

परतवाड्याहून चिखलदऱ्याला एक फेरी. डांबरी घाट, ऑफ-रोडिंगचं काही नाही. ही फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही, म्हणून पकड असलेल्या रस्त्यावर एच-फोर लावायचं नाही, वळणावर गाडी आखडते. मेळघाट असो की आमचं टिपेश्वर, वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रस्ता सोडून गाडी घालायची नाही.

मघा

पाणी. गाडी किती खोल पाण्यातून जाईल याचा कंपनीचा आकडा ७०० मिमी. माझ्या टायरची पूर्ण उंची हिशेबाने सुमारे ७७५ मिमी येते, म्हणजे त्या पाण्यात टायर जेमतेम चार बोटं बाहेर दिसेल. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की पाण्याच्या कडेला उभं राहून अंदाज करता येतो.

बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात, खाली गिट्टीचा घट्ट तळ असलेल्या जागी, आधी काठी घेऊन स्वतः चालत गेलो. पाणी मांडीच्या खाली होतं. एल-फोर, दुसरा गिअर, एकसारखा वेग, पुढे छोटी लाट राहील इतकाच. गाडी शांतपणे गेली. बाहेर आल्यावर ब्रेक दाबून सुकवले, आणि घरी मागच्या डिफरन्शियलचं तेल पाहिलं. गरम झालेला डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या नळीतून) किंवा सीलमधून पाणी ओढलं जाऊ शकतं. तेल दुधाळ दिसलं तर लगेच बदलायचं. माझं स्वच्छ होतं.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर ७०० चा आकडा विसरायचा. तो संथ पाण्याचा आहे. वाहतं पाणी गाडीला बाजूने ढकलतं, पाण्यात गाडीचं चाकावरचं वजन कमी होतं, आणि रिकाम्या पिकअपची मागची बाजू आधीच हलकी असते. मघाचा पूर उतरेपर्यंत अलीकडेच थांबायचं, गाडी कितीही मोठी असो.

उत्तरा

सोयाबीन पिवळं पडायला लागलंय आणि पहिला खर्च कशावर करायचा ते आता पक्कं आहे. स्नॉर्कल नको, कारण मी जातो त्या पाण्यात त्याचं काम नाही. विंच नको, पांदणीत केबल बांधायला जाडजूड झाड कुठे आहे? लिफ्ट किटने पोट थोडं वर जाईल, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचनेतले बदल हा आरसी आणि विम्याचा प्रश्न होतो. शिवाय माझी पकड टायरपाशी सुटली, उंचीचा नंबर त्यानंतर आला.

म्हणून टायरच. स्वस्त गटातल्या हायलक्सला २६५/६५ आर १७ येतात. त्यांची बाहेरची उंची हिशेबाने ७७६ मिमी, माझ्याइतकीच, त्यामुळे स्पीडोमीटर आणि गिअरिंग बिघडत नाही. रिम एक इंच लहान म्हणून टायरची भिंत मात्र १५९ वरून १७२ मिमी होते. हवा कमी केल्यावर वाकायला १३ मिमी जास्त मिळतात आणि खदानीतल्या गोट्यांवर रिमही जपली जाते. सतराच्या रिम बघून ठेवल्यात. त्यावर एटी (ऑल-टेरेन, सगळ्या जमिनींसाठीचे) टायर, खाचा रुंद आणि खांद्याची नक्षी मोकळी असलेले, म्हणजे माती फेकली जाईल. पूर्ण मड टायरचा विचार केला होता. पण महिन्यातले बहुतेक दिवस यवतमाळपर्यंत डांबरावर जातात, तिथे तो आवाज आणि ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग मला नको.

हस्ताचा पाऊस चांगला झाला तर त्याच पांदणीत, हौद्यात तेवढंच वजन ठेवून, त्याच १८ पीएसआयवर एटी टायर पाहायचे आहेत. काकांचा ट्रॅक्टर तेव्हा सोयाबीनच्या मळणीत गुंतलेला असेल, म्हणून दुसरी फोर बाय फोर लागेल. आर्णी, पांढरकवडा, घाटंजीकडचं कोणी स्ट्रॅप आणि शॅकल (ओढायचा पट्टा आणि तो अडकवायची कडी) घेऊन येणार असेल तर कळवा. फावडं माझ्याकडे आहे, चर बुजवायला दोन माणसं बरी पडतात.