सहासष्ट मुलांची बस, दोघांचे घर

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ओहायोतील एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या लिलावात आम्ही जुनी स्कूलबस साडेचार हजार डॉलरला घेतली, तेव्हा घराचा आराखडा माझ्याकडे आधीच तयार होता. पलंग कोठे, ओटा कोठे, पाण्याची टाकी कोठे, हे मी संगणकावर इंचाइंचाने मांडून ठेवले होते. प्रत्यक्षात त्या आराखड्यातील पहिली वस्तू बसमध्ये बसायला तेरा महिने लागले, कारण तोवरचा सगळा काळ काढण्यात, खरवडण्यात आणि पाणी कोठून येते हे शोधण्यात गेला.

बस घेताना बहुतेकांचे लक्ष इंजिनाकडे असते, तसे माझेही होते. इंटरनॅशनल कंपनीचे डीटी ४६६ हे डिझेल इंजिन मी मुद्दाम निवडले, कारण त्याच्या सिलिंडरच्या स्लीव्ह, म्हणजे आतली झिजणारी नळकांडी, बदलता येतात आणि इंजिन गाडीतून न उतरवता त्याची पूर्ण दुरुस्ती करता येते. अ‍ॅलिसनचा जुना एटी ५४५ गिअरबॉक्स असलेल्या दोन बस मी सोडून दिल्या, कारण त्यात लॉक-अप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स घसरण न होता थेट जोडणारी सोय, नसल्यामुळे लांबच्या चढावर तो तापतो. एवढा विचार करणाऱ्या माणसाने गाडीखाली आडवे होऊन पाहू नये, हे आज मलाच खरे वाटत नाही. ओहायोत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि वीस वर्षे त्या रस्त्यांवर धावलेल्या बसचा तळ कसा असणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अ‍ॅरिझोनासारख्या कोरड्या राज्यातून बस आणण्याचा दीड-दोन हजारांचा खर्च मी वाचवला आणि तो पुढे गंजात पुरेपूर फेडला.

आमच्या वसाहतीत बस उभी करण्यास मनाई असल्यामुळे कोलंबसबाहेरच्या एका शेतकऱ्याचे आवार महिन्याच्या भाड्याने घेतले. बसमध्ये अकरा रांगा, म्हणजे बावीस बाके होती. प्रत्येक बाकाला जमिनीत चार आणि भिंतीच्या पट्टीत दोन बोल्ट. वरून पाना लावला की गाडीखालचा नट बोल्टबरोबरच फिरायचा, म्हणून अखेर अँगल ग्राइंडरने बोल्टांची डोकीच कापून काढली. या कामाला पाच शनिवार-रविवार गेले. बाकांखाली पेन्सिली, केसांच्या क्लिपा आणि दगडासारखे झालेले च्युइंग गम एवढे निघाले की माझी पत्नी म्हणाली, “अहो, हे घर नाही, उत्खनन आहे.”

खरे उत्खनन पुढेच होते. काळ्या रबरी चटईखाली प्लायवूड होते आणि ते मागच्या चाकांच्या आसपास ओल्या बिस्किटासारखे हाताने तुटत होते. त्याखालच्या पोलादी पत्र्यावर गंजाचे पापुद्रे आलेले होते. पाणी खिडक्यांतून येत असावे असे धरून मी सगळ्या खिडक्यांना सिलिकॉन फासले, गंज तारेच्या ब्रशने घासला, त्यावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले आणि बोल्टांची भोके बुजवली. भोकांवर एक सेंटची नाणी सीलंटने चिकटवण्याची युक्ती येथे फार प्रचलित आहे. नाण्याचा व्यास पाऊण इंच असल्याने ते बरोबर बसते. शंभराहून अधिक भोके बुजवायला मला दीड डॉलरसुद्धा लागला नाही, आणि साऱ्या प्रकल्पात अंदाजपत्रकापेक्षा कमी खर्च झालेले हे एकमेव काम ठरले. तरीही पुढच्या पावसानंतर पत्रा पुन्हा ओला झाला.

२०२२ च्या एप्रिलमध्ये बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत झाली. चॅसीवर सांगाडा उभा करायचा, त्यावर पत्रा चढवायचा आणि गाडी रस्त्यावर सोडायची, हे त्यांनी आयुष्यभर केले. त्यांनी बस आतून-बाहेरून पाहिली, मी फासलेले सिलिकॉन नखाने सोलून काढले आणि म्हणाले, “अरे, पाणी पडतंय तिथं काय लेप लावतोस? शिरतंय कुठून ते आधी बघ.” मग मी बाहेरून नळीने पाणी मारायचे आणि त्यांनी आत बॅटरी घेऊन बसायचे, असा क्रम सुरू झाला. सुरुवात खालच्या सांध्यापासून करायची, दहा मिनिटे तेथेच पाणी सोडायचे आणि मगच एक वीत वर सरकायचे, असा त्यांचा नियम होता. आधीच छतावर पाणी मारले तर ते सगळ्या सांध्यांवरून ओघळते आणि काहीच कळत नाही. दोन दिवसांनी उलगडा झाला. खिडक्यांपैकी गळत होत्या त्या चारच. बाकीचे पाणी छतावरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या खाचेतून शिरून आतल्या पत्र्यामागून खाली उतरत होते. मागच्या चाकांजवळची ओल तर पावसाची नव्हतीच. मुलांसाठी बसवलेल्या मागच्या हीटरच्या नळीतून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, झिरपत होते.

छताचा आतला पत्रा उतरवल्याशिवाय गत्यंतर नव्हते. त्याला शेकडो रिव्हेट होते आणि मी त्यांचीही डोकी ग्राइंडरने उडवायला निघालो होतो, परंतु बाबांनी प्रत्येक रिव्हेटच्या मध्यावर पंच मारून, डोक्यापुरतेच ड्रिल करून, उरलेला दांडा ठोकून पाडण्याची पद्धत दाखवली. तिच्यात ठिणग्या उडत नाहीत आणि पत्र्याचे भोकही मोठे होत नाही. पत्रा निघाल्यावर आतले काचतंतूचे जुने आवरण जागोजागी ओले सापडले. ते टाकून आम्ही फोम फवारून घेतला. बाबांना हा फोम अखेरपर्यंत पटला नाही. उद्या आतून पत्रा गंजला तर दिसणार कसा, ही त्यांची शंका रास्त आहे आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो आठवण्यातही सुख नाही. ओहायोच्या कायद्याप्रमाणे शाळेच्या कामातून गेलेल्या बसचा पिवळा रंग बदलावा लागतो, म्हणून तिला करडा रंग दिला. १९३९ साली न्यूयॉर्कमधील एका परिषदेत ठरलेला तो पिवळा रंग पुसताना थोडे वाईट वाटले. नंतर विम्याच्या एजंटने बसची नोंद मोटारहोम म्हणून झाल्याशिवाय विमा देण्यास नकार दिला, आणि नोंदणीच्या तपासणीसाठी बस रस्त्यावरून न्यायची तर विमा हवा होता. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातला प्रकार. शेवटी ट्रेलरवर चढवून बस तपासणीला नेली. केंद्रीय नियमांतील व्याख्येप्रमाणे स्वयंपाकाची सोय, शीतकपाट, शौचालय, उष्णता किंवा वातानुकूलन, नळ व सिंकसह पिण्याचे पाणी, आणि स्वतंत्र वीज किंवा गॅस या सहांपैकी किमान चार सोयी असल्या की वाहन मोटारहोम ठरते. आमच्याकडे सहाही होत्या.

२०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही पहिला आठवडा बसमध्ये राहिलो आणि तिसऱ्या पहाटे माझ्या कपाळावर पाण्याचा थेंब पडला. बाहेर पाऊस नव्हता. आदल्या रात्री कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या होत्या, डाळीला फोडणी दिली होती आणि थंडी म्हणून छतावरचा पंखा बंद ठेवला होता. शेगडीतला प्रोपेन वायू जळताना पाणी तयार होते आणि एक पौंड प्रोपेनमागे ते सुमारे १.६ पौंड भरते, हे मी शाळेतल्या रसायनशास्त्राच्या आधारे नंतर कागदावर मांडले. ती वाफ, कुकरची वाफ आणि दोघांचा श्वास मिळून छताच्या पोलादी फासळ्यांवर साचत होता, कारण फोम फासळ्यांच्या मधल्या जागेत होता, फासळ्यांवर नव्हता. आता फासळ्यांवर कॉर्कच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, स्वयंपाकाच्या वेळी कितीही थंडी असली तरी पंखा चालू राहतो आणि उबेसाठी छोटा डिझेल हीटर बसवला आहे, ज्याच्या ज्वलनाची हवा आणि धूर दोन्ही बाहेरच राहतात. कुकर लावायचा असेल तर पत्नी तो आवारातल्या शेगडीवर लावते, आणि शेतकऱ्याचा कुत्रा पहिल्या शिट्टीला अजूनही भुंकतो.

बससकट सत्तावीस हजार डॉलर आणि दोन वर्षांचे जवळजवळ सगळे शनिवार-रविवार खर्ची पडले. वर्षातले चार-पाच महिने आम्ही बसमध्ये राहतो. उजवीकडची सातवी खिडकी वाऱ्याचा पाऊस असला की अजून पाझरते. दर रविवारच्या फोनवर बाबा प्रकृतीच्या आधी तिचीच चौकशी करतात, आणि येत्या एप्रिलमध्ये ती चौकटीसकट काढायची, असे आमचे ठरले आहे.