सम्राटाच्या थडग्यापासून शाशामानेपर्यंत

आदिस अबाबातल्या होली ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये सम्राट हैले सेलासी आणि सम्राज्ञी मेनेन यांची थडगी शेजारीशेजारी आहेत. ग्रॅनाइटची, अवजड, कोरीव. दाराशी चपला काढून मी आणि दादा तिथे उभे होतो. बाजूला एक जटाधारी गृहस्थ होते. लाल-पिवळी-हिरवी विणलेली टोपी त्यांनी काढून हातात धरली होती. बराच वेळ ते थडग्याकडे न बघता खिडकीच्या रंगीत काचांकडे बघत होते. दादाने सहज विचारलं, "दर्शनाला आलात?" ते इंग्रजीत शांतपणे म्हणाले, "चर्च बघायला आलो. थडग्याशी माझं काम नाही. राजा मेला हे मी मानत नाही."

तेवढ्यात पांढरी शाल पांघरलेली एक म्हातारी आली, दगडाला कपाळ टेकवलं, पुटपुटत प्रार्थना केली आणि गेली. तिच्या लेखी तिथे एक श्रद्धाळू ख्रिस्ती राजा चिरनिद्रा घेत होता.

ते गृहस्थ सम्राटाला देव मानणाऱ्या रास्ताफारी पंथाचे, आणि ती म्हातारी इथल्या ऑर्थोडॉक्स चर्चची. त्या दोघांमधलं हे अंतर समजून घ्यायला मी इथिओपियाला गेले होते.

मी वसईची. आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म आला तो पोर्तुगीजांच्या काळात. तो धर्म आज माझा आहे, अगदी मनापासून माझा आहे. पण लहानपणी वेदीवरचा गोरा येशू, गोरी मरियम आणि गोरे देवदूत बघताना वाटायचं, यांच्यात आमच्यासारखं दिसणारं कोणीच कसं नाही? जमैकातल्या गुलामांच्या नातवंडा-पतवंडांना हाच प्रश्न कितीतरी जास्त वेदनेतून पडला होता. ज्याच्या हातात चाबूक, त्याच्याच हातात बायबल. त्यांनी बायबल टाकून दिलं नाही, स्वतः वाचायला घेतलं. त्यात त्यांना स्तोत्र 68 मधला देवापुढे हात पसरणारा इथिओपिया सापडला, शलमोन राजाला भेटायला गेलेली शबाची राणी सापडली, प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप्पाकडून बाप्तिस्मा घेणारा इथिओपियन अधिकारी सापडला. जमैकाचे कृष्णवर्णीय नेते मार्कस गार्वी यांनी काळ्या माणसाला आफ्रिकेकडे बघायला शिकवलं होतंच. आणि 2 नोव्हेंबर 1930 रोजी आदिस अबाबात रास तफारी मकोनेन यांना राज्याभिषेक झाला आणि ते सम्राट हैले सेलासी झाले. राजांचा राजा, यहूदाच्या वंशाचा विजयी सिंह ही त्यांची बिरुदं. बायबलमधल्या 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातले शब्द जणू वर्तमानपत्रात छापून आले. लेनर्ड हॉवेल आणि इतर काही उपदेशक जमैकात सांगू लागले, हाच तो. 'रास' म्हणजे सरदार, 'तफारी' हे नाव. 'रास्ताफारी' हे पंथाचं नाव तिथूनच आलं, आणि त्या पंथाची माणसं म्हणजे 'रास्ता'. रेगे आणि गांजा यापलीकडे आपल्याकडे रास्तांबद्दल कोणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ज्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये तो राज्याभिषेक झाला ते पियासा भागात आहे. जरूर जा. 1896 मध्ये अडवाच्या लढाईत इटलीचा पराभव झाला, त्याच्या स्मरणार्थ ते बांधलं. इमारत अष्टकोनी, आत एकात एक तीन वळसे: बाहेर स्तोत्रं गाणाऱ्यांचा, मग प्रसाद घेणाऱ्या भाविकांचा, अगदी आत फक्त धर्मगुरूंचं गर्भगृह. त्या गर्भगृहात 'ताबोत' असतो, म्हणजे देवाने मोशेला दिलेल्या दहा आज्ञांच्या पाट्यांची आणि त्या ठेवलेल्या पेटीची, कराराच्या कोशाची, प्रतिकृती. ताबोत नसेल तर इमारतीला चर्च म्हणत नाहीत. मूळ कोश शलमोन आणि शबाच्या राणीचा मुलगा मेनेलिक याने आणला आणि तो उत्तर इथिओपियातल्या अक्सुमला आहे, अशी इथली श्रद्धा. ही कथा ज्यात आहे तो 'केब्रा नगस्त' हा गीझ भाषेतला ग्रंथ चर्चवाले आणि रास्ता दोघेही डोक्यावर घेतात.

इथला ख्रिस्ती धर्म किती जुना? चौथ्या शतकात अक्सुमचा राजा एझाना ख्रिस्ती झाला. त्याच्या आधीच्या नाण्यांवर चंद्रकोर आहे, नंतरच्या नाण्यांवर क्रूस. रोमन साम्राज्याने हा धर्म राजधर्म केला तो त्यानंतर, 380 मध्ये. आणि एझानापर्यंत हा धर्म पोहोचला कसा, याची परंपरागत कथा ऐकून मी त्या चर्चच्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिले. तांबड्या समुद्रात एक जहाज लुटलं गेलं, माणसं कापली गेली, फ्रुमेंटियस नावाचा सीरियन मुलगा आणि त्याचा भाऊ गुलाम म्हणून राजदरबारी आले. पुढे अलेक्झांड्रियाचा मुख्य बिशप अथनाशियस याने याच फ्रुमेंटियसला बिशप केलं. म्हणजे इथेही धर्म समुद्रावरूनच आला, पण जिंकणाऱ्याच्या जहाजातून नाही. तो गुलाम मुलाबरोबर आला. जमैकातल्या माणसाला हे घर आपलं का वाटलं असेल, ते मला त्या ओट्यावर कळलं.

आपल्याकडचा एक धागाही इथे येऊन मिळतो. पोर्तुगीज काळात गोव्यातून जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू, इथे येत. पेद्रो पाएझ त्यांतला एक, 1603 मध्ये पोहोचला. सम्राट सुसेन्योस कॅथलिक झाला, देशात रक्तपात झाला आणि त्याचा मुलगा फासिलिदेस याने जेझुइटांना हाकलून दिलं. इथल्या लोकांनी 'नको' म्हटलं आणि ते टिकलं. उलट्या दिशेने गेलेला हबशी मलिक अंबर तर आपल्याला ठाऊकच आहे. तो गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनमध्ये खडकी वसवून गेला.

टिमकतच्या दिवसांत गेलात तर हे सगळं डोळ्यांसमोर चालताना दिसेल. टिमकत म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याचा सण, 19 जानेवारीला. दर चार वर्षांनी एकदा 20 ला. आदल्या दुपारी प्रत्येक चर्चमधून ताबोत निघतो. किनखापात गुंडाळलेला, धर्मगुरूच्या डोक्यावर, वर जरीची छत्री. पुढे अबदागिरी असलेली आपली पालखीच. लोक पायघड्या घालतात, मिरवणूक पुढे सरकली की मागची पायघडी गुंडाळून धावत पुढे नेऊन पसरतात. जान मेदाच्या मैदानावर रात्रभर जागरण, पहाटे पाणी पवित्र करून गर्दीवर उडवतात. 'केबेरो' हा मोठा ढोल गळ्यात अडकवून दोन्ही बाजूंनी वाजवतात, हातात 'त्सेनात्सिल' नावाचं खुळखुळ्याच्या जातीचं धातूचं वाद्य, लांब काठ्या एका ठेक्यात वर-खाली होतात. या गायनाची परंपरा सहाव्या शतकातल्या संत यारेदपर्यंत सांगतात. पुढे, रास्तांची वस्ती असलेल्या शाशामानेला, त्यांच्या न्याबिंघी प्रार्थनेतले तीन ढोल ऐकले. ठेका वेगळा होता, अगदी हृदयाच्या ठोक्यासारखा. पण ढोलावर देवाचं नाव घ्यायचं ही रीत तीच.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी इथेच सांगते. मुंबईहून आदिसला थेट विमान आहे. व्हिसा ऑनलाइन मिळतो. पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड जपा. इथिओपियाहून परतताना ते नसेल तर भारतात विलगीकरणात ठेवतात. लस फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते आणि तारीख लगेच मिळेलच असं नाही, म्हणून तिकिटाआधी ती बघा. आदिस 2300 मीटरहून उंच आहे, पहिल्या दिवशी जिने चढताना धाप लागते, तो दिवस मोकळा ठेवा. चर्चमध्ये बायकांनी डोकं झाकायचं. 'नेतेला' ही पांढरी सुती शाल तिथेच विकत मिळते. स्त्री-पुरुषांच्या बाजू वेगळ्या. पाळीच्या दिवसांत बायका चर्चच्या आत जात नाहीत, आवारातून प्रार्थना करतात. मला हे पटलं नाही, पण पाहुणी म्हणून मी पाळलं.

घड्याळाचं मात्र नीट लक्षात घ्या. इथे दिवस सूर्योदयाला सुरू होतो, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. शाशामानेला जायला गाडी ठरवली, गाडीवाल्याने "दोन वाजता" सांगितलं. आम्ही दुपारी तयार होऊन बसलो. तो सकाळी आठला येऊन, वाट बघून निघून गेला होता. एक अख्खा दिवस गेला. वेळ ठरवताना प्रत्येक वेळी "फिरंगी वेळ की हबेशा, म्हणजे इथिओपियन, वेळ?" असं विचारून घ्या. कॅलेंडरही वेगळं, तेरा महिन्यांचं आणि आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे.

शाकाहारी माणसाची इथे चंगळ आहे. चर्चचे उपास वर्षभर असतात, बुधवार आणि शुक्रवार तर ठरलेलेच. त्या दिवशी मांस, दूध, अंडी काही नाही. "त्सोम" म्हणजे उपास. हा शब्द उच्चारला की 'बेयाइनेतू' येतं, इंजेरावर वाढलेल्या डाळी-भाज्यांचं ताट. इंजेरा टेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा, आंबोळीचा थोरला भाऊ. 'शिरो' तर पिठल्याचाच प्रकार, फक्त लाल बेरबेरे मसाल्यातला. रास्तांचं 'आयटल' जेवणही मांसाविना, शक्यतो मिठाविना. डुक्कर चर्चवाले खात नाहीत आणि रास्ताही खात नाहीत. दोघांचाही आधार जुना करार. जटांचं मूळही तिथेच, 'गणना' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातल्या नाजीर व्रतात: डोक्याला वस्तरा लावायचा नाही.

शाशामाने आदिसपासून दक्षिणेला सुमारे 250 किलोमीटर. वाटेत बातू हे गाव सोडलं की डावी-उजवीकडे खचदरीतली तळी लागतात. झिवाय तळ्यातल्या एका बेटावर देब्रे त्सियोन नावाचा मठ आहे. अक्सुमवर हल्ला झाला तेव्हा कराराचा कोश इथे लपवला होता, असं सांगतात. जायचं तर होडी लांबची आहे, सकाळीच निघा. मुक्काम हवासाला करा, शाशामानेपासून 25 किलोमीटरवर, तळ्याकाठी चांगली हॉटेलं आहेत. शाशामाने हे धुळीचं, गजबजलेलं जंक्शन आहे. रास्तांची वस्ती त्याच्या एका टोकाला. ओरोमिया प्रांतात अधूनमधून अशांतता असते, 2020 मध्ये या शहरातही जाळपोळ झाली होती. निघण्याआधी स्थानिक माणसाकडून रस्त्याची खबर घ्या, रात्रीचा प्रवास टाळा. अम्हारा प्रांतात 2023 पासून संघर्ष चालू असल्याने लालिबेलाची अकरा कातळचर्च आम्ही मनावर दगड ठेवून सोडली. आणि गांजा: रास्तांसाठी तो धार्मिक असला तरी इथिओपियाच्या कायद्याने गुन्हा आहे. रस्त्यावर कोणी विचारलं तर पुढे चालू लागा.

शाशामानेची जमीन, साधारण 500 एकर, सम्राटांनी इटलीविरुद्धच्या लढ्यात साथ दिलेल्या जगभरच्या कृष्णवर्णीयांसाठी दिली. 1966 मध्ये ते जमैकाला गेले तेव्हा विमानतळावर लोटलेली गर्दी पाहून थक्क झाले होते, आणि पुढे जमैकातून माणसं इथे येऊ लागली. 1974 मध्ये सम्राट पदच्युत झाले, लष्करी राजवटीने जमिनी सरकारजमा केल्या, वस्तीकडे थोडीच उरली. 'घरी' परतलेल्या या माणसांना इथलं ओळखपत्र मिळू लागलं ते 2017 नंतर. इतकी वर्षं आपल्याच सियोनात, आपल्या वचनभूमीत, परके.

मला सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट हीच आहे. सम्राट स्वतः ऑर्थोडॉक्स चर्चचे निष्ठावान. 'हैले सेलासी' या नावाचा अर्थच 'त्रैक्याचं सामर्थ्य'. 1967 च्या एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की मी माणूस आहे, मर्त्य आहे. 1970 मध्ये इथल्या चर्चचे धर्मगुरू जमैकाला गेले, हजारोंना बाप्तिस्मा दिला. पण सम्राटाला देव मानणं चर्चला मान्य नव्हतं. काही रास्ता चर्चमध्ये गेले, काही दारातून परतले. बॉब मार्लीने मृत्यूच्या काही महिने आधी, नोव्हेंबर 1980 मध्ये, याच चर्चचा बाप्तिस्मा घेतला. सन 2000 मध्ये सम्राटांचे अवशेष कॅथेड्रलमध्ये पुरले तेव्हा बहुतेक रास्ता फिरकले नाहीत.

वस्तीत ट्वेल्व्ह ट्राइब्ज या शाखेचं केंद्र आहे. फाटकाबाहेर थांबून आम्ही विचारलं. मी आधी फाटकाचा फोटो काढला होता, त्यावर एका बाईने सौम्यपणे पण स्पष्ट सुनावलं की इथे आधी नमस्कार, मग फोटो. तिचं बरोबर होतं. कोणाच्या घरी गेलात तर साखर, कॉफी असं काहीतरी घेऊन जा, आणि वेळ हाताशी ठेवून जा.

एका आजोबांनी आम्हाला अंगणात बसवलं. सत्तरी ओलांडलेली, जटा कमरेपर्यंत, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. मला ते "सिस्टर" म्हणाले, आणि वसईत हा शब्द फक्त मठातल्या बायकांसाठी ऐकलेला म्हणून मी क्षणभर सावरून बसले. जन्ममहिना विचारला. मार्च म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे तू बन्यामीनच्या वंशाची." या शाखेत बारा महिन्यांना बारा वंश वाटून दिलेत, कोणालाच बाहेर ठेवलेलं नाही. रोज बायबलचा एक अध्याय वाचायचा हा त्यांचा नेम. त्यांचं पुस्तक कोपऱ्यांवर गोल झालेलं, पानं बोटांनी काळवंडलेली.

दादाने धीर करून विचारलं, "चर्च म्हणतं ते देव नव्हते. मग?" आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "मी रविवारी त्यांच्या आवारात जाऊन उभा राहतो. ते मला हाकलत नाहीत, मीही त्यांना शिकवायला जात नाही. पण माझ्या आजीला कोणी सांगितलं नव्हतं की काळा माणूस देवाच्या पुस्तकात आहे. ते मला त्यांनी दाखवलं." 'त्यांनी' म्हणताना त्यांनी बोट भिंतीवरच्या सम्राटाच्या तसबिरीकडे केलं.

मग त्यांनी स्तोत्र 68 काढलं आणि मला म्हणाले, तुझ्या भाषेत वाच. मी मोबाइलवर मराठी बायबल उघडून एकतिसावी ओवी वाचली. इथिओपियाच्या जागी आपल्याकडे 'कूश' आहे. ते म्हणाले, पुन्हा म्हण. मी म्हटलं. त्यांनी तो शब्द दोनदा हळू आवाजात उच्चारून पाहिला, खिशातून पेन्सिल काढली आणि ओवीच्या बाजूला, आधीच्या खुणांच्या गर्दीत जागा शोधून, लिहून घेतला.