खराटेबाईंची गोष्ट

1986 साली मी सातवी ‘ब’मध्ये होते. त्या पावसाळ्यात मैदानावर चिखल झाल्यामुळे खेळाचा तास वारंवार बुडे आणि इंग्रजीच्या बाई तो मागून घेत. सांगलीच्या आयर्विन पुलाशी नदीचे पाणी किती फुटांवर आले, याची चर्चा मागच्या बाकांवर रंगलेली असताना बाई पर्समधून एक पातळसे पुस्तक काढीत, पानात बोट घालून ते मिटवीत आणि आमच्याकडे पाहत सरळ मराठीत सांगू लागत. पुस्तक इंग्रजी आहे एवढेच आम्हांला ठाऊक होते. नाव विचारण्याचे कोणाला सुचले नाही. आमच्यापुरती ती ‘ढ चेटकिणीची गोष्ट’ होती.

चेटकिणींच्या निवासी शाळेत शिकणारी ही मुलगी. वेण्या विस्कटलेल्या, बुटांच्या नाड्या लोंबणाऱ्या, झाडूवर बसली की कशावर तरी आदळणारी. शाळेकडून प्रत्येकीला मांजराचे काळे पिल्लू मिळते. हिची पाळी येईपर्यंत काळी पिल्ले संपतात आणि हिच्या पदरी पट्टेरी पिल्लू पडते, तेही उडायला घाबरणारे. वर्गातील हुशार मुलगी त्यावरून डिवचते, तेव्हा ही तिचा बेडूक करायला जाते आणि होते डुकराचे पिल्लू! या ठिकाणी वर्ग इतका हसला की शेजारच्या तुकडीतून शिपाईमामा निरोप घेऊन आले. वर्गशिक्षिकेचे नाव बाईंनी ‘खराटेबाई’ ठेवले होते. त्या दार न उघडता कोठूनही प्रकट होत, आणि बाईंनी आवाज उतरवून दाराकडे नुसते पाहिले तरी आम्ही सगळ्या मागे वळत असू. (तशा एक बाई आपल्याही शाळेत होत्या. नाव लिहीत नाही. ओळखायचे त्यांनी ओळखले असेलच.)

पुढे ते पुस्तक मी अनेक वर्षे शोधले. ग्रंथालयात आणि पुस्तकांच्या दुकानांत ‘जादूची शाळा’ म्हटले की चष्मेवाल्या मुलाचे जाडजूड खंड पुढे केले जात. अखेर ऑगस्ट 2021 मध्ये जिल मर्फी या ब्रिटिश लेखिकेच्या निधनाची बातमी वाचताना पट्टेरी मांजराचा उल्लेख आला आणि हातातला चहा तसाच राहिला. ‘द वर्स्ट विच’ हे ते पुस्तक, 1974 सालचे. मर्फी यांनी ते शाळेत असतानाच लिहायला घेतले होते आणि चित्रेही त्यांनी स्वतःच काढली. कॉन्व्हेंटचा गडद गणवेश घालून मैत्रिणींसह घरी येताना तुम्ही चेटकिणींसारख्या दिसता, असे त्यांची आई म्हणाली होती, आणि त्यातून ही शाळा सुचली. चेटकिणींच्या शाळेला मुले घाबरतील, असे म्हणून काही प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले होते, हे वाचून मला सातवी ‘ब’ आठवली आणि हसू आले.

पुस्तक मागवले आणि एका बैठकीत वाचले. मुलीचे नाव मिल्ड्रेड हबल. खराटेबाई म्हणजे मिस हार्डब्रूम. बाईंनी उभ्या उभ्या केलेले हे भाषांतर किती चपखल होते, ते मला पस्तीस वर्षांनी कळले. हॅलोविनच्या कसरतीसाठी हुशार मुलगी तिला मंतरलेला झाडू देते, सगळी कसरत कोसळते आणि ठपका मिल्ड्रेडवर येतो. तेथे मी पान उलटले, पुन्हा मागे आले, दोन पाने चिकटली आहेत का तेही पाहिले. मला हवा असलेला प्रसंग पुस्तकात नव्हता.

बाईंच्या गोष्टीत त्या रात्री खराटेबाई व्हरांड्यात एकट्या बसून मुलीचा मोडका झाडू सुतळीने बांधतात. बाईंनी ते करून दाखवले होते: डाव्या हातात फळ्याजवळची छडी, उजव्या हाताने नसलेल्या सुतळीचे वेढे, शेवटचे टोक दातांत धरून दिलेला हिसका. मूळ पुस्तकात मिल्ड्रेड शाळेतून पळून जाते, मुख्याध्यापिकेच्या बहिणीने रचलेला कट तिला समजतो, सगळ्या कारस्थानी चेटकिणींच्या ती गोगलगाई करते आणि त्या खोक्यात घालून शाळेत आणते. मर्फी यांची हार्डब्रूम झाडूबिडू बांधत बसणारी नाही, आणि विनोदाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचेच बरोबर आहे. बाईंच्या भरीमुळे गोष्टीची धार थोडी बोथट होते. मात्र त्याच आठवड्यात गणिताच्या चाचणीत मला पन्नासपैकी 9 गुण पडले होते आणि पेपर बाईंनीच वाटले होते. तो प्रसंग त्यांनी आधीच योजला होता की माझ्या बाकाकडे पाहून त्यांना तो तेव्हाच सुचला, हे विचारायला आता बाई नाहीत.

आणखी एक गोष्ट राहिली. मूळ पुस्तकात त्या पिल्लाचे नाव नुसते ‘टॅबी’ आहे, म्हणजे पट्टेरी. बाईंनी त्याला अस्सल सांगलीकर नाव दिले होते आणि त्यावर आम्ही दिवसभर हसत होतो, एवढे स्मरते. नाव मात्र काही केल्या आठवत नाही. त्या वर्षीच्या ‘ब’ तुकडीतील कोणाला आठवत असल्यास कृपया कळवावे.