उद्यमबागेतली लेझर

बेळगावला समुद्र नाही, पण उद्यमबाग ही कारखान्यांची वसाहत आहे. जुनी होडी दुरुस्त करताना मला उद्यमबागच जास्त उपयोगी पडली. गोव्यातून चोर्ला घाटाने टेम्पोवर चढवून आणलेली ही लेझर म्हणजे एकट्याने चालवायची, शर्यतीची शिडाची होडी. लांबी ४.२३ मीटर, शीड ७ चौरस मीटरच्या आसपास. १९९६ पासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे. हल्ली त्याला आयएलसीए म्हणतात. पावसाळा सरला की गोव्यात शर्यतीत उतरायचं ठरवलं होतं. म्हणजे फायबरचं काम मिरगाच्या आधी उरकायला हवं, कारण इथल्या पावसाळी दमट हवेत फायबर चिकटवणाऱ्या रेझिनचा भरवसा नाही.

जो तो म्हणे, आधी रंग मार. मी आधी वजन केलं. शीड-काठी सोडून नुसता सांगाडा ५९ किलोच्या आसपास भरायला हवा. भुसार दुकानातून आणलेल्या टांगत्या काट्यावर ६७ भरला. आतला फोम पाणी पिऊन बसला होता. इतकं ओझं घेऊन शर्यतीत उतरल्यावर चकचकीत रंगाचा काय उपयोग?

पाणी शिरतं कुठून, ते शोधायला सायकलचा पंप आणि साबणाचं पाणी पुरलं. ड्रेनच्या भोकातून हलकी हवा भरायची, सांध्यांवर फेस लावायचा आणि बुडबुडे बघायचे. वर्कशॉपमधला पोरगा कॉम्प्रेसर जोडायला निघाला होता. त्याला वेळीच अडवलं, नाहीतर वरचा आणि खालचा भाग सांध्यातच उकलला असता.

खरं दुखणं डोलकाठीच्या खोबणीत निघालं. खोबणीत पाणी भरून रात्रभर ठेवलं, तर सकाळी पातळी उतरलेली. वाऱ्याचा सगळा जोर डोलकाठीवाटे इथेच येतो. ही जागा कच्ची असली की भर वाऱ्यात काठी डेक फाडून बाहेर येते. शेजारी झाकणाची गोल खिडकी कापली. लेझरच्या शर्यतीच्या नियमांत ती चालते. त्यातून बल्ब आत सोडला, ड्रेनशी टेबलफॅन लावला आणि आतलं पाणी सुकू दिलं. मधेच वळीव आला की सगळं ताडपत्रीखाली. मग खोबणीचा बुडखा आतून घासून फायबरच्या मॅटचे थर इपॉक्सीत बसवले. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण जुन्या फायबरला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं.

डोलकाठीच्या फिटिंगसाठी लेथवाल्या मामांकडे गेलो.

"काय करायलास रे हे? एसएसचे बोल्ट टाकू की, जन्मभर बघायला नको."

मामांचा जन्म पंपांच्या कामात गेलेला. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसला चिकटून असलेलं ॲल्युमिनियम गंजत जातं, हे सांगितल्यावर त्यांनी जुनी फिटिंग हातात उलटीपालटी करून पाहिली आणि काही न बोलता नायलॉनचे वॉशर कातून दिले. पैसे घेतले नाहीत, पण "ही होडी राकसकोपच्या धरणात सोडणार काय?" हे मात्र दरवेळी विचारलं.

सुकाणू आणि डॅगरबोर्ड, म्हणजे होडीच्या मधून पाण्यात उतरणारी उभी फळी, यांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने सारख्या केल्या. मूळ आकार बदलायला नियमात परवानगी नाही, तेव्हा तिथे कारागिरी दाखवण्यात अर्थ नव्हता. रंग मारलाच नाही. गाडीच्या पॉलिशवर भागवलं.

आता काटा ६१ दाखवतो. खोबणीत पुन्हा रात्रभर पाणी ठेवलं, पातळी हलली नाही. शीड जुनंच आहे, थोडं ढिलं पडलंय. पहिल्या हंगामाला तेच चालवणार. उरलेल्या पैशांत नवे दोर घेतले.