उंची सहा फूट चार, वजन १३८ आणि आयुष्यातली पहिली सायकल

"उंची सहा फूट चार इंच, वजन १३८ किलो, सायकल येत नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग कामाचं बोलू."

आमच्या सायकलच्या दुकानात पाऊल ठेवल्या ठेवल्या एक साहेब हे असं बोलले, नमस्कार नाही चमत्कार नाही. मी मागे एका चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसलो होतो, मान वर केली तर दारातून वाकून आत येणारा माणूस, वय चाळिशीच्या पुढचं. कोणीच हसलं नाही. नंतर कळलं की आधी ज्या दुकानात गेले होते तिथे त्यांना सांगितलं होतं, आधी थोडं वजन उतरवा मग सायकलीचं बघू. असलं ऐकलं की माझं डोकंच फिरतं. अरे माणूस सायकल मागतोय ती कशासाठी? आणि एवढ्या वजनाला चालेल अशी सायकल बनते, नीट शोधायचा कंटाळा करू नये एवढंच.

आमच्याकडचा नवीन मुलगा तोपर्यंत पळत जाऊन सगळ्यात दणकट दिसणारी सायकल घेऊन आला, जाड नळ्या, पुढे शॉकअप, मागे शॉकअप, "दादा ही एकदम स्ट्राँग आहे बघा." दिसायला होती खरी. मी म्हणलं थांब, बसवू नको त्यांना, आधी तिचं पुस्तक आण. सायकलीबरोबर जे छोटं पुस्तक येतं ते कोणी उघडत नाही, पण त्यात कमाल वजन लिहिलेलं असतं. ह्या सायकलीचं निघालं १२० किलो. साहेब लगेच म्हणाले, म्हणजे फक्त १८ किलोने मी जास्त आहे, एवढं चालत असेल ना? तर नाही, कारण बहुतेक कंपन्या जो आकडा देतात तो नुसत्या माणसाचा नसतो, माणूस अधिक सायकल अधिक बॅग-बाटली असा सगळा मिळून असतो. त्यांचे १३८, सायकलीचे १५-१६, कपडे-बूट-बॅग-पाणी धरून अजून चार-पाच, झाले १६० च्या आसपास. म्हणजे १८ नाही, ४० किलोचा फरक. १६० ते १८० किलोची मर्यादा छापलेल्या सायकली मिळतात, आणि तो आकडा छापलेलाच पाहिजे, विकणाऱ्याचं "चालतंय हो" हा आकडा नाही.

शॉकअपचं पण तिथेच उरकलं. स्वस्तातल्या शॉकअपची स्प्रिंग मध्यम वजनाच्या माणसाच्या हिशोबाची असते, हे बसले की ती निम्म्याच्या वर दबून बसणार, खड्ड्यात थाडकन तळाला आपटणार, वर सायकलीचं तोंड कायम खाली. त्यापेक्षा सरळ न हलणारा लोखंडी फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि जाड टायर बरा. मागचा शॉकअप तर विषयच नको.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो प्रत्येक जड माणूस विचारतो, फक्त आवाज खाली करून. "फ्रेम तुटेल का हो?"

आता इतकी वर्षं ह्या टेबलावर काम करतोय, मोडलेली फ्रेम क्वचित येते, मागची चाकं मात्र सतत येतात. मी भंगारचा डबा काढला आणि त्यातला वाकलेला एक्सल, म्हणजे चाकाच्या मधली सळई, त्यांच्या हातात दिला. साध्या सायकलीत मागे फ्रीव्हील असतं, म्हणजे दात्यांच्या चकत्यांचा सगळा गठ्ठा हबवर (चाकाच्या मधल्या नळकांड्यावर) बाहेरून आट्यांनी बसवलेला, त्यामुळे काय होतं की उजव्या बाजूचे बेअरिंगचे छर्रे खूप आत राहतात आणि तिथून फ्रेमपर्यंत एक्सल नुसताच, आधाराशिवाय. १० मिलिमीटरची सळई, वरून माणसाचं वजन, खड्डे, ती वाकते आणि मग एक दिवस तुटते. कॅसेटवाल्या हबमध्ये, म्हणजे जिथे चकत्यांचा गठ्ठा हबच्याच भागावर सरकवून बसवतात, बेअरिंग पार बाहेरच्या टोकाकडे सरकवलेलं असतं म्हणून एक्सलला आधार मिळतो. दुकानात लटकवलेल्या दोन सायकली लांबून सारख्याच दिसतात, दोन्हीला मागे सात-आठ चकत्या, पण एकात फ्रीव्हील आणि एकात कॅसेट, जड माणसासाठी मी तरी सगळ्यात आधी हेच बघतो. रंग, गिअरचे स्टिकर, हे सगळं त्याच्या नंतर.

साहेबांनी एक्सल उलटसुलट फिरवून बघितला आणि म्हणाले, "हा माझ्यापेक्षा हलक्या माणसाचा असेल ना?" होता. तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

आऱ्यांचं सांगताना मला जरा वेळ लागतो, कारण लोकांना वाटतं वजनाने आरा ताणला जातो आणि तुटतो. उलट आहे. चाक फिरताना जो आरा खाली येतो तो क्षणभर ढिला पडतो, वर गेला की परत ताणला जातो, हे प्रत्येक फेऱ्यात. मोठ्या चाकाचे एका किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे होतात, म्हणजे तेवढ्या वेळा ढिला-ताठ, ढिला-ताठ, आणि मग हबजवळ जिथे आरा वाकलेला असतो तिथे तो थकून तुटतो. माणूस जड तेवढा ढिलेपणा जास्त. उपाय दोन, आरे जास्त पाहिजेत म्हणजे भार वाटला जाईल, आणि ते सगळे सारखे आणि चांगले ताठ पाहिजेत. २४ आऱ्यांचं स्टायलिश चाक ह्यांना द्यायचंच नाही, ३२ कमीत कमी, मागे ३६ मिळाले तर झोप लागते मला. माणसाचं निम्म्याहून बरंच जास्त वजन मागच्या चाकावरच असतं. रिम दुहेरी भिंतीची, टायर ५० मिलिमीटरच्या आसपास रुंद. हवेचा नियम पण सांगितला की टायरवर जी जास्तीत जास्त हवा लिहिलीय तिच्या वर जायचं नाही पण खालच्या टोकालाही राहायचं नाही, कारण कमी हवेत खड्डा लागला की ट्यूब रिमच्या कडांमध्ये चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

इथपर्यंत सोपं होतं. खरी पंचाईत उंचीची.

त्यांना भिंतीला टेकून उभं केलं, पायांच्या मधे एक जाड पुस्तक वर घट्ट धरायला लावलं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजलं, ९१ सेंटिमीटर. ह्याला ०.८८३ ने गुणायचं, जुना हिशोब आहे, क्रँकच्या (पायडल ज्याला लागतात त्या दांड्याच्या) मध्यापासून सीटच्या वरपर्यंतचं अंतर मिळतं, साधारण ८० सेंटिमीटर. मुलगा म्हणाला मग मीडियम फ्रेम घेऊ आणि सीटची दांडी वर ओढू. हाच तो उद्योग ज्याच्यामुळे मी वैतागतो. दांडीवर एक रेघ असते, तिच्या खालचा भाग फ्रेमच्या आतच राहिला पाहिजे. सीटची नळी ४३ सेंटिमीटर असलेल्या फ्रेमवर ८० गाठायचं तर नेहमीची ३५ सेंटिमीटरची दांडी पुरतच नाही, रेघ बाहेर येते, आणि मग एवढं वजन एवढ्या लांब दांडीवर म्हणजे पहारीने नळी उचकटल्यासारखं. दांडी वाकते नाहीतर फ्रेमची नळी वरून चिरते. (त्या मोजक्या मोडलेल्या फ्रेम म्हणलं ना, त्यातल्या बऱ्याच अशाच.)

मग मोठी फ्रेम. पण मोठ्या फ्रेमवर हा माणूस शिकणार कसा? शिकताना सीट खाली पाहिजे, दोन्ही पाय पूर्ण टेकून गुडघ्यात थोडी ढील राहील इतकी, आणि उंच फ्रेमची सीट तेवढी खाली जातच नाही, वर मधली दांडी आडवी येते. जड माणसाला त्या दांडीवरून पाय मागून फिरवणं हे चालवण्यापेक्षा अवघड असतं हे उंच आणि सडपातळ विकणाऱ्यांना कळत नाही. मी खाली उतरत्या दांडीची सायकल दाखवली तर साहेब गप्प झाले, मुलगा पुटपुटला, "लेडीज वाटते." मी म्हणलं वाटू दे, पाय सहज पडतो ना. पण नुसती मधली दांडी काढून टाकलेल्या साध्या फ्रेमला मीच तयार नव्हतो, ती जड माणसाखाली पिळवटते, हँडल एकीकडे आणि मागचं चाक दुसरीकडे अशी. खास जास्त वजनासाठी जाड नळीची बनवलेली असेल तरच.

शेवटी मधला रस्ता निघाला, मागे उतरत जाणारी मधली दांडी, सीटची नळी ५२ सेंटिमीटर, लोखंडी फ्रेम, पुढचा भाग उंच. सीट पूर्ण खाली घातली की जमिनीपासून ८५-८६ वर येते म्हणजे त्यांचे पाय टेकतात, आणि सीटची ४० सेंटिमीटरची दांडी घातली की पुढेमागे क्रँकपासून ८० पर्यंत नेता येते आणि रेघ आतच राहते. हँडल सीटच्या बरोबरीने किंवा वर ठेवायचं, कारण वाकून बसलं की दर फेऱ्याला मांडी पोटाला लागते, हे त्यांनी स्वतःच सांगितलं, मला विचारायला लागलं नाही. ब्रेक हायड्रॉलिक डिस्क, पुढे १८० मिलिमीटरची डिस्क. त्याच वेगात दुप्पट वजन थांबवायचं म्हणजे दुप्पट ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवायची. हलका गिअर असा की पुढचे दाते मागच्यापेक्षा कमी. त्यांना जाड जेलची गुबगुबीत सीट हवी होती, मी नाही दिली. मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि नको तिथे दाब येतो, रुंद आणि जराशी टणकच बरी.

मागचं चाक ३६ आऱ्यांचं मीच बांधून देणार म्हणलं, त्याला थोडे दिवस लागणार. साहेबांचं तोंड उतरलं, त्यांना आजच न्यायची होती. तेव्हा मालकांना विचारून त्याच फ्रेमची ३२ आऱ्यांची सायकल मागच्या मोकळ्या जागेत काढली, सपाटीवर हळू फिरवायला हरकत नव्हती. दोन्ही पायडल काढून टाकली (डावं उलट्या आट्याचं असतं, मुलगा दात ओठ खाऊन घट्टच करत होता), सीट तळाला, आणि म्हणलं बसून नुसतं चाला.

ते घाबरले होते, उंच माणूस पडला तर जोरात पडेल म्हणून. मी त्यांना सांगितलं की तोल सांभाळायला उंची फायद्याची आहे. वजन जितकं वर तितकी सायकल सावकाश कलते, आपल्याला सावरायला वेळ जास्त मिळतो. तोल जाईल त्याच बाजूला हँडल वळवा, विरुद्ध बाजूला नाही. हे ऐकायला पटतं पण हात ऐकत नाहीत, त्यांचेही ऐकेनात, नुसते हँडलला लटकून होते. खांदे ढिले सोडा, चाकाकडे बघू नका, समोरच्या भिंतीकडे बघा, एवढंच परत परत सांगत होतो. बऱ्याच वेळाने पाय उचलून चांगले पाच-सहा मीटर घरंगळत गेले, आणि भिंत जवळ आली तेव्हा लक्षात आलं की ब्रेक कसा मारायचा हे आम्ही सांगितलंच नव्हतं, मुलगा ओरडायला लागला, पण त्यांनी बुटांनी थांबवली. बूट दणकट होते.

आता ते नियमित चालवतात. पहिल्या सर्व्हिसला आले तेव्हा मागच्या चाकाचे डावीकडचे काही आरे किंचित सैल होते, ते होणारच, मागच्या चाकात डावीकडचे आरे मुळातच कमी ताणाचे असतात आणि नवीन चाक जरा बसतं, परत सारखे केले. भांडण फक्त सीटवरून आहे. अजून क्रँकपासून ७५ वरच ठेवलीय, मी म्हणतो गुडघे दुखतील, ते म्हणतात पाय टेकले पाहिजेत. थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं हे मी दाखवलंय, ते म्हणतात तेवढं जमलं की वाढवू. गेल्या वेळी एक सेंटिमीटर वाढवायला मिळाली मला.