तेरा आठे?

घरी रंगकाम चाललंय म्हणून आठवीतली भाची परीक्षेपुरती माझ्याकडे आली आहे. पाठीवर दप्तर, हातात पिवळा हायलायटर. पेशीच्या धड्याचं पान मी डोकावून पाहिलं, तर ते हळदीला बसवून आणल्यासारखं दिसत होतं.

"पाच वेळा वाचलं मावशी. येतंय मला सगळं."

मी पुस्तक मिटलं. "तंतुकणिकेचं काम काय?"

ती पंख्याकडे बघत बसली. "अगं, ते डाव्या पानावर आहे. खाली, आकृतीच्या शेजारी." पत्ता तोंडपाठ, पण घरात राहतं कोण, ते सांगता येईना!

हसले, पण माझीही तीच गत. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी समोर येऊन "ओळखलंस का?" विचारतं. चेहरा ओळखीचा असतो, अगदी शंभर टक्के. नाव मात्र बाहेर यायला तयार नसतं. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. पाचव्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपण त्यालाच 'येतंय' म्हणतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हेच विद्यार्थ्यांवर तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं, तर उतारा न बघता आठवून लिहून काढणारे बरेच पुढे निघाले.

माझ्या आजीला हे कुणी सांगितलं नव्हतं. दिवेलागणीला हातपाय धुऊन परवचा म्हणायला बसायचं. शुभंकरोति, वार, महिने, नक्षत्रं, मग पाढे. आम्ही डुलत डुलत सूर लावायचो आणि आजी सुपातले तांदूळ निवडत मध्येच, मान वर न करता, विचारायची, "सात आठे?" की गाडी रुळावरून घसरलीच. सुरात येणारं छप्पन्न एकटं यायला लाजायचं. आज चुकलेलं ती उद्या विचारायची, मग चार दिवसांनी, आणि विसरली असेल असं वाटावं तेव्हा नेमकं पुन्हा. आम्हाला तो खवचटपणा वाटायचा.

एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःलाच निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावून, किती उरतं ते मोजलं आणि 1885 साली छापलं. तासाभरातच निम्म्याहून जास्त मेहनत वाया, दिवसाने जेमतेम एक तृतीयांश शिल्लक. पुढची गळती मात्र हळू. म्हणजे पहिली डागडुजी लवकर, नंतरच्या लांबल्या तरी चालतात. (अर्थात त्याची अक्षरं निरर्थक होती. 'तानापिहिनिपाजा'ही तसं निरर्थकच, पण त्यामागे इंद्रधनुष्य उभं आहे, म्हणून ते चाळिशी उलटली तरी जात नाही.)

हे सगळं मी भाचीला ऐकवलं. हायलायटर काढून घेतला, कोरा कागद दिला. पुस्तक न बघता पेशी काढ म्हटलं. तिने केंद्रक काढलं, तंतुकणिका काढली, एक बटाट्यासारखं काहीतरी काढून त्यावर प्रश्नचिन्ह ठेवलं. मग पेन्सिल माझ्याकडे रोखून म्हणाली, "आता तू. तेरा आठे?"

"थांब." तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस... मी पुटपुटत, बोटं मोजत, एकेक पायरी चढले. एक्क्याण्णवपाशी जरा दम लागला.

"चारोदरसे!"

"म्हणजे किती?" तिने विचारलं.