बिनपथ्याचा काढा

काढ्याचं प्रमाण विचारलं की घरातली जाणती माणसं बोटं दाखवतात. आलं एवढं, म्हणजे अंगठ्याचं एक पेर. सुंठ चिमूटभर. मिरी चार-पाच, तुळशीची पानं मूठभर, गवती चहाची पात गाठ मारून. पाणी किती? "घाल की बेताचं." उकळायचं कुठवर? "रंग येईस्तोवर." एवढ्या सूचनांवर ज्याला काढा जमतो, त्याला तो आधीच येत असतो.

आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर, त्याला असला कारभार चालला नसता. त्याच्या संहितेत माप चोख आहे. एक पल, म्हणजे चार तोळे औषधी भरड कुटून घ्यायची, सोळा पट पाणी घालायचं आणि मातीच्या भांड्यात आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. मी एकदा हिशेब मांडला. पाऊण लिटर पाणी ठेवायचं आणि हाती यायचा जेमतेम अर्धी वाटी काढा. गॅस सिलिंडरच्या भावात हे बसणारं नाही. आपण घरोघरी ज्याला काढा म्हणतो तो शार्ङ्गधराच्या लेखी बिनदुधाचा चहा. दोन उकळ्या आल्या की गॅस बंद, वर गुळाचा खडा, आणि "गरम आहे तोवर पिऊन टाक" अशी आज्ञा.

इंग्रजी पुस्तकांतला फ्लू हिवाळ्यातला असतो. आपल्याकडे त्याचा खरा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. थंडी सरता सरता तो पुन्हा एकदा डोकावून जातो. म्हणजे छत्र्या बाहेर निघाल्या की खलबत्ताही निघतो. माझं माहेर मालवणकडचं. तिथे पोफळीवर मिरीचा वेल चढलेला, त्यामुळे मिरी घालताना हात आखडायचा प्रश्नच नव्हता. आईचा काढा घशातून उतरताना डोळ्यांतून पाणी काढायचा. सासर पुण्याचं. इथे मिऱ्यांना मोजून प्रवेश, मान सगळा ज्येष्ठमधाला. गोव्यातली मावसबहीण धणे-जिरे भाजून केलेला कषाय दूध-गूळ घालून देते आणि आमच्या दोन्हीकडच्या काढ्यांना शिक्षा म्हणते. तिन्ही घरांत सर्दी बरी व्हायला आठवडाच लागतो, पण हे बोलून दाखवायची सोय नाही.

काढ्याची नुसती थट्टा करावी, असंही नाही. अडुळशाचंच बघा. कुंपणाला लावतात तो, बकरीसुद्धा तोंड लावत नाही असा. त्याच्या पानांत व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावर काम करता करता ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि त्याच्यापासून पुढे अँब्रॉक्सॉल. कफ पातळ करायच्या ज्या औषधाची बाटली आपण केमिस्टकडून आणतो, तिच्या लेबलावर बहुधा या दोघांपैकी एकाचं नाव सापडतं. म्हणजे अडुळसा नको, बाटली द्या, असं म्हणणारा माणूसही शेवटी अडुळशाच्याच नातवंडांकडे जातो. हळदीच्या दुधात मिरपूड घालायची आजीची खोडही वाया गेलेली नाही. हळदीतलं कर्क्युमिन एकटं गेलं तर अंगाला फारसं लागत नाही, मिऱ्यातल्या पायपरीनच्या सोबतीने कितीतरी जास्त शोषलं जातं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये ते माणसांवर तपासून दाखवलं. शोषलेल्या हळदीने फ्लू जातो, असा मात्र याचा अर्थ नाही. आपण तेवढी एक पायरी गाळून उडी मारतो.

सगळ्यात गंमत बाद्यानाची. गोड्या मसाल्यात दगडफुलाशेजारी बसणारं ते चांदणीच्या आकाराचं फूल. फ्लूवरचं ऑसेल्टामिवीर, म्हणजे बाजारातली टॅमिफ्लू, करायला शिकिमिक आम्ल लागतं, आणि ते बरीच वर्षं मुख्यतः चीनमधल्या बाद्यानातून काढत असत. २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने जगभरची सरकारं या गोळ्या साठवायला लागली तेव्हा बाद्यानाची टंचाई झाली. नंतर जंतूंकडून हे आम्ल तयार करून घ्यायची युक्ती निघाली. अख्ख्या स्वयंपाकघरात फ्लूच्या औषधाशी थेट नातं सांगणारा हा एक मसाला, आणि काढ्यात तो आमच्याकडे कुणी घालत नाही. तो जातो आमटीत. काढ्यात घालूनही काही साधणार नाही म्हणा. बाद्यान ते गोळी यांच्यामध्ये रसायनशाळेतल्या बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि गोळीसुद्धा पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू केली तरच नीट लागू पडते. पण हे वाचल्यापासून मी भरल्या वांग्यांकडे जरा आदराने बघते.

२००९ चा ऑगस्ट पुणेकरांना आठवत असेल. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी ३ ऑगस्टला पुण्यात गेला आणि शहराची झोप उडाली. शाळा बंद, चित्रपटगृहं बंद, नायडू हॉस्पिटलपुढे रांगा, केमिस्टकडचे मास्क संपलेले. (स्कूटीवरच्या मुलींनी आधीपासूनच तोंडाला स्कार्फ गुंडाळलेले असायचे, त्या बाबतीत पुणं जगाच्या पुढे होतं.) तेव्हा कापूर आणि वेलदोडा पुरचुंडीत बांधून हुंगायचं खूळ आलं. वाण्याकडे कापूर मिळेना. ऑफिसात मीटिंग चालू असताना मधेच कुणीतरी खिशातून रुमाल काढून हुंगायचं आणि क्षणभर गणपतीची आरती सुरू झाल्याचा भास व्हायचा. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं हे खरं. विषाणूला त्याचं काही वाटत नसावं.

पुढे २०२० मध्ये तर सरकारनेच माप दिलं. आयुष क्वाथ: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. शार्ङ्गधरानंतर इतक्या काटेकोरपणे काढ्याकडे कुणी पाहिलं असेल तर ते मंत्रालयाने. पण आपण भाग कसले मोजतो? दिवसातून एकदा म्हटलं की आपण तीनदा घेणार. शेजारच्या काकूंनी त्या वर्षी इतका काढा प्यायला की सर्दी झाली नाही ती नाहीच, पण ॲसिडिटीची गोळी कायमची चिकटली. ज्येष्ठमधाचं तर लोकांना सांगूनही पटत नाही: रोज भरपूर घेतला तर रक्तदाब वाढतो, अंगातलं पोटॅशियम कमी होतं. घराघरात बीपीच्या गोळ्या आणि ज्येष्ठमधाच्या काड्या एकाच डब्यात नांदतात. गुळवेलीचंही तसंच झालं. ती नेमाने घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होत असावी. असेलही. दारात वेल घेऊन आलेल्या माणसाला कुळ विचारतो कोण? आणि मध. बारशाला आलेली प्रत्येक आजी बाळाच्या जिभेला मधाचं बोट लावायला टपलेली असते, आणि वर्षाच्या आत मध अजिबात नको म्हणून डॉक्टर कानीकपाळी ओरडत असतात, कारण त्यातून क्वचित का होईना, बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो.

मला या सगळ्यात आठवतो तो जुन्नरचा लोलिंबराज. वैद्यही होता आणि कवीही. त्याने 'वैद्यजीवन' लिहिलं ते बायकोशी बोलल्याच्या थाटात, त्यामुळे औषधं सांगता सांगता मधेच तो तिच्या डोळ्यांकडे वळतो. त्याचा एक श्लोक जुने वैद्य येता-जाता ऐकवत. आजारी माणसाने पथ्य पाळलं तर त्याला औषधाची गरजच काय, आणि पाळलं नाही तर औषधाचा उपयोगच काय! आम्ही त्याचं औषध तेवढं उचललं. तुळस आली, सुंठ आली, पुड्या आल्या, चहाच्या पिशवीतला तयार काढा आला. पथ्य कुठे सांडलं ते कुणी पाहिलं नाही.

लहानपणी ताप आला की पथ्य आपोआप सुरू व्हायचं. मऊ भात, मेतकूट, वर तूप. तांब्या-भांडं वेगळं, पांघरूण वेगळं. माजघरातल्या खिडकीशी खाट. बाहेर खेळायचं नाही, आणि ताप उतरल्यावरही दोन दिवस नाहीच. यातलं अर्धं निराधार होतं. केळं खाल्ल्याने फ्लू होत नाही, डोक्यावरून अंघोळ केल्यानेही होत नाही. पण त्या निराधार पसाऱ्यात नेमकी विषाणूला नको असलेली गोष्ट बसली होती: आजारी माणूस घरात, इतरांपासून लांब, खिडकीजवळ. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस इतरांना तो देऊ शकतो. आदल्या दिवसाचं कुणाच्याच हातात नाही. पुढचे दिवस होते.

आता काय होतं? सकाळी पॅरासिटामॉल, अकराला ताप खाली, बाराला माणूस ऑफिसात. ताप उतरला म्हणजे विषाणू उतरला, असा एक गोड समज आहे. सोबत थर्मासमध्ये काढा असतो, त्यामुळे स्वतःची काळजी घेतल्याचं समाधानही असतं. हळदीकुंकवाला नाक ओढत आलेली बाई "काही नाही हो, साधी सर्दी" म्हणत प्रत्येकीच्या कपाळाला बोट लावून जाते. मुलीच्या शाळेत शंभर टक्के हजेरीला प्रमाणपत्र मिळायचं, टाळ्या पडायच्या, आणि ते घेणारी मुलं वर्षभर कधीतरी तापाने फणफणून वर्गात बसलेली असणार हे सभागृहातल्या प्रत्येक आईला माहीत असायचं. मला विचाराल तर ते प्रमाणपत्र फ्लूला द्यायला हवं.

पण पथ्याची बाजू घेऊन बोलताना एक गोष्ट घशात अडकते. पथ्याला जागा लागते आणि सुट्टी लागते. १९१८ ची मानमोडी, म्हणजे फ्लूचीच साथ, त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबई बंदरातून शहरात शिरली, सप्टेंबर-ऑक्टोबरात तिने उग्र रूप घेतलं, आणि देशभरात कोटीहून जास्त माणसं नेली. गिरणगावातल्या एका खोलीत आठ-दहा माणसं राहात असताना आजाऱ्याला वेगळं ठेवायचं कुठे? तांब्या-भांडं वेगळं करता येतं, हवा कशी करणार? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी गेल्या पावसाळ्यात खोकत आल्या. मी म्हटलं, "मावशी, चार दिवस येऊ नका." त्या थांबल्या, फडकं पिळून म्हणाल्या, "ताई, तुम्ही नका म्हणाल, बाकीची तीन घरं खाडा धरतात." आणि वर, "तुळशीचं पाणी घेतलंय मी सकाळी." आमच्याकडचे पैसे मी कापले नाहीत, त्या मात्र बाकीच्या तीन घरी जातच राहिल्या. काढा टिकला त्याचं हेही एक कारण असेल. तो उभ्या उभ्या, कामावर जाता जाता पिता येतो. पथ्य अंथरुणात पडून पाळावं लागतं आणि त्याचा पगार कुणी देत नाही.

बाकीची पथ्यं स्वस्त आहेत, म्हणूनच त्यांना प्रतिष्ठा नाही. साबणाने हात वीसेक सेकंद चोळले की विषाणूभोवतीचं स्निग्ध आवरण फुटतं. इतक्या थोड्या पैशांत इतका खात्रीचा उपाय काढ्याच्या कुठल्याच घटकात नाही. खिडकी उघडी ठेवावी तर पावसाळ्यात डास येतात, हे मान्य. गुळण्यांचं प्रकरण मला फार आवडतं. जपानमध्ये निरोगी माणसांना रोज नुसत्या पाण्याने गुळण्या करायला लावल्या, तर त्यांना सर्दी-पडसं सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. आयोडीन घातलेल्या औषधी गुळण्यांनी तेवढा फायदा झाला नाही. २००५ मध्ये हा अभ्यास छापून आला. मी तो सासूबाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, "मीठ-हळद न घालता? मग त्याला चूळ भरणं म्हणतात."

त्यांना या जूनमध्ये फ्लूची लस दिली. दर वर्षी नवी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो आणि जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतले घटक नव्याने ठरवते. आपल्याकडे ती पावसाच्या आधी घेतलेली बरी, कारण अंगात मुरायला तिला दोनेक आठवडे लागतात. हे सगळं मी रिक्षात समजावून सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. सुई टोचून झाली, नर्सने कापसाचा बोळा दाबायला सांगितला, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पथ्य काय याच्यावर?"

"काही नाही आजी. नेहमीचं सगळं खा."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

घरी येईपर्यंत त्या गप्प होत्या. त्यांचा लशीवरचा विश्वास उडाला होता हे स्पष्ट दिसत होतं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी स्वतःच निर्णय घेतला: तीन दिवस ताक बंद, लिंबू बंद, आंबट काही नाही. आणि एकटीसाठी वेगळा स्वयंपाक कुठे करायचा, म्हणून कुणालाच नाही. लस न टोचलेल्या आम्ही सगळ्यांनी तीन दिवस बिनलिंबाचं वरण खाल्लं.